मंत्री तरुण होत्या, वचने आपली होती : सेंटर पार्टीस खुले पत्र

प्रति,
श्री. ट्रिग्वे स्लाग्सवोल्ड वेडूम, अध्यक्ष, तसेच केंद्रीय मंडळाचे सर्व सदस्य,
सेंटर पार्टी, ओस्लो, नॉर्वे.

महोदय,

३० जानेवारी २०२५ रोजी आपला पक्ष सरकारमधून बाहेर पडत असल्याची बातमी आली, तेव्हा मी एका ऐंशी ओलांडलेल्या आजींच्या पायाची जखम धूत होते आणि त्यांच्या स्वयंपाकघरात रेडिओ चालू होता. बातमी विजेची होती, युरोपीय संघाचे तीन ऊर्जा-निर्देश, सरकारातल्या जोडीदार मजूर पक्षाशी न जमलेला मेळ, आपले अर्थमंत्रिपद, आठ मंत्र्यांचे एकत्र बाहेर पडणे असे सगळे सांगून झाल्यावर आजींनी मला एवढेच विचारले, "म्हणजे एमिलीसुद्धा नाही आता?" एमिली म्हणजे एमिली एंगर मेल, आपल्या पक्षाच्या न्यायमंत्री, सोलोरमधल्या ओस्नेसच्या, म्हणजे आमच्याच हेडमार्क भागातल्या. या देशात मंत्र्यालाही पहिल्या नावाने हाक मारतात हे अंगवळणी पडायला मला काही वर्षे लागली. आजींच्या प्रश्नाचे उत्तर "हो" एवढेच होते आणि ते मी दिले, पण त्या "हो"च्या मागे जे साचले होते ते गेले दोन आठवडे मनातून जाईना, म्हणून हे पत्र.

या पत्राची नॉर्वेजियन प्रत मी आपल्या पक्ष-कार्यालयाकडे टपालाने पाठवली आहे. मराठी प्रत वेगळ्या कारणासाठी लिहीत आहे. ओस्लो, बर्गन, स्टावांगर, त्रोंडहाइम आणि माझ्यासारखी तुरळक खेडोपाडी राहणारी मराठी माणसे आता इथली मतदार आहेत, सप्टेंबरमध्ये निवडणूक आहे, आणि आमच्यापैकी पुष्कळांच्या मनात या तरुण मंत्र्यांची प्रतिमा व्हॉट्सॲपवरून आलेल्या दोन संदेशांतून तयार झालेली आहे. पहिला संदेश ऑक्टोबर २०२१ चा : अठ्ठावीस वर्षांची मुलगी देशाची कायदामंत्री झाली, आणि खाली आपल्याकडच्या वयोवृद्ध पुढाऱ्यांना टोमणा. दुसरा २०२३ चा : मंत्रीणबाईंच्या सरकारी फोनवर टिकटॉक, आणि खाली हसणारे चेहरे. दोन्ही संदेश अर्धवट होते. उरलेला भाग इथे राहणाऱ्या मराठी माणसाने मराठीत सांगावा असे मला वाटले, आणि तो आपल्याला उद्देशून सांगावा असेही वाटले, कारण त्या अर्धवटपणाला आपला पक्ष जबाबदार आहे.

माझे या प्रकरणात काय अडले आहे ते आधी सांगते. मी मूळची नाशिक जिल्ह्यातली, शिक्षणाने परिचारिका, आणि गेली चौदा वर्षे हेडमार्कमधल्या एका नगरपालिकेच्या गृहशुश्रूषा सेवेत काम करते. म्हणजे आठवड्यातल्या काही रात्री एकटीने गाडी चालवत जंगलातल्या घरांमध्ये जायचे, इन्शुलिन द्यायचे, मलमपट्टी करायची, कुणी पडले असेल तर उठवायचे. २०२० पासून नॉर्वे दुहेरी नागरिकत्वाला परवानगी देतो, पण भारत देत नाही, त्यामुळे इथले नागरिकत्व घेताना मला भारतीय पासपोर्ट परत करावा लागला. तो देताना हात थरथरला हे मान्य करते. मताचा अधिकार मी असा किंमत मोजून घेतला आहे, आणि २०२१ साली, आयुष्यात पहिल्यांदा स्टोर्टिंगसाठी, म्हणजे इथल्या संसदेसाठी, मतदान करताना, ते मत आपल्या पक्षाला दिले. कारण साधे होते. दूरच्या गावांतून पोलीस, न्यायालय, सरकारी दार काढून घेणे थांबवू, असे बोलणारा दुसरा मोठा पक्ष मला दिसला नाही. त्या वेळी आपल्याला १३.५ टक्के मते आणि २८ जागा मिळाल्या. त्यांत माझाही खारीचा वाटा होता.

१३ ऑक्टोबर २०२१ हा दिवस आपल्याला माझ्यापेक्षा अधिक आठवत असेल. त्या दिवशी हुर्डालमध्ये आपण आणि मजूर पक्षाचे नेते श्री. योनास गार स्तोरे यांनी युतीचा जाहीरनामा मांडला, आणि त्याच संध्याकाळी कोंग्सबर्ग गावात एका माणसाने धनुष्यबाण आणि सुरे घेऊन हल्ला केला, पाच माणसे मारली. पोलीस सुरुवातीलाच त्याच्यासमोर आले होते, त्यांच्यावर बाण सुटले, तो निसटला, आणि मृत्यू त्यानंतर झाले. दुसऱ्या दिवशी राजवाड्यासमोर फुले घेऊन उभ्या राहिलेल्या मंत्रिमंडळात जिच्याकडे पोलीस खाते आले ती मंत्री अठ्ठावीस वर्षांची होती, नॉर्वेच्या इतिहासातली सर्वांत तरुण न्यायमंत्री. ओस्लो विद्यापीठात कायदा शिकलेली, २०१७ साली चोविसाव्या वर्षी स्टोर्टिंगवर निवडून आलेली, आणि आता एकही दिवस हात बसण्यासाठी न मिळता शोकाकुल गावासमोर उभी. मी त्या दिवशी दूरदर्शनसमोर बसून मनात म्हटले की हिला निदान वर्षभर तरी कुणी वयावरून बोलू नये.

मराठी वाचकांसाठी एक खुलासा करते, आपण तो ओलांडून पुढे जावे. इथला न्यायमंत्री म्हणजे केवळ कायदेखाते नव्हे. पोलीस, सुरक्षा पोलीस, न्यायालयांचे प्रशासन, तुरुंग, नागरी संरक्षण, बचाव-हेलिकॉप्टर, उत्तर ध्रुवाजवळच्या स्वालबार्डचा कारभार आणि त्या काळात बराच काळ परदेशी नागरिकांचे प्रवेश-आश्रयाचे विषयही याच टेबलावर येत. आपल्याकडे गृहमंत्री, विधी व न्यायमंत्री आणि मदत व पुनर्वसनमंत्री एकत्र केले तर जे होईल, जवळजवळ तेवढे. आणि ही खुर्ची माणसे टिकू देत नाही. २२ जुलै २०११ च्या हत्याकांडात सत्त्याहत्तर माणसे गेल्यानंतर त्याच वर्षी श्री. क्नूट स्टोरबर्गेट यांनी पद सोडले; पुढे पंतप्रधान सौ. एर्ना सुलबर्ग यांच्या आठ वर्षांत या खुर्चीवर आन्युनसेन, आमुन्सेन, लिस्तहाउग, काही आठवड्यांपुरते सांडबर्ग, वारा, कालम्यूर आणि मेलान अशी सात माणसे बसली. श्रीमती मेल तीन वर्षे आणि साडेतीन महिन्यांहून थोडे अधिक टिकल्या, म्हणजे स्टोरबर्गेट यांच्यानंतर सर्वांत जास्त. जिला कोवळी म्हणून हिणवले गेले तिने स्टोरबर्गेट यांच्यानंतरच्या सगळ्या पोक्त मंत्र्यांपेक्षा ती खुर्ची अधिक काळ सांभाळली, ही गोष्ट आपल्या पक्षाने कधी ठणकावून सांगितल्याचे मला आठवत नाही.

हीच माझी पहिली तक्रार आहे, आणि इतर सगळ्या तक्रारी तिच्यातून निघतात. सरकार स्थापन झाले तेव्हा त्यांच्या वयाचीच बातमी झाली आणि ती बातमी पक्षाला नकोशी होती असे मला तरी दिसले नाही. पुढे खात्यात चुका झाल्या तेव्हा त्याच वयाच्या आड प्रश्न विरघळू दिले गेले. कौतुक करणाऱ्यांनीही वय पाहिले आणि टिंगल करणाऱ्यांनीही वयच पाहिले. मधल्या मध्ये कामाचा हिशेब राहून गेला. तरुण बाई मंत्री झाली की तिच्या छायाचित्रांची संख्या मोजली जाते, हे मला कळते. दवाखान्यातल्या पाळीवर मी पस्तिशीतही "मुली" होते. पण हिशेब मागणे म्हणजे टिंगल नव्हे. मंत्रिपदाची कारकीर्द ही तिची खासगी मालमत्ता नाही आणि पक्षाचीही नाही.

टिकटॉकचे प्रकरण मी इथे सविस्तर घेते, कारण सगळ्यांना ते क्षुल्लक वाटते आणि मला ते सर्वांत गंभीर वाटते. भारताने जून २०२० मध्येच त्या ॲपवर बंदी घातली होती, त्यामुळे २०२३ च्या सुरुवातीला नाशिकहून माझ्या चुलतभावाने विचारले की तुमच्या मंत्र्यांना हे ठाऊक नव्हते का. ठाऊक असणारच. मुद्दा ॲप ठेवल्याचा नव्हताच; तरुणांपर्यंत पोचण्यासाठी थोडे दिवस ठेवले आणि नंतर काढून टाकले, हे पहिल्याच दिवशी सांगितले असते तर ती अर्ध्या दिवसाची बातमी झाली असती. पत्रकारांनी विचारले, उत्तर नाही. स्टोर्टिंगच्या सदस्यांनी लेखी विचारले, तरीही सरळ उत्तर नाही, उलट सुरक्षेचे कारण. फेब्रुवारीत अखेर मान्य केले, नंतर दिलगिरी व्यक्त केली, आणि मार्चमध्ये त्यांच्याच मंत्रालयाने सरकारी कर्मचाऱ्यांच्या कामाच्या फोनवर टिकटॉक आणि टेलिग्राम नको असा सल्ला काढला. तो सल्ला योग्य होता. म्हणजे धोका खरा होता, आणि धोका खरा असेल तर देशाच्या सुरक्षेच्या प्रमुख मंत्र्यांच्या फोनबद्दल लोकप्रतिनिधींनी विचारलेला प्रश्नही खराच होता.

मी रात्रपाळीत औषधाची मात्रा चुकले तर तासाभरात लिहून द्यावे लागते. कुणी विचारेपर्यंत थांबता येत नाही, आणि "रुग्णाच्या सुरक्षेसाठी सांगता येत नाही" असे म्हणण्याची सोय तर नाहीच नाही. चूक लिहून दिल्याने माझी नोकरी गेलेली नाही, लपवली असती तर गेली असती. या देशात येऊन मी जे शिकले त्यांतली ही पहिली गोष्ट. तीच गोष्ट ज्या खात्याकडे देशाचा कायदा आहे त्या खात्यात आठवडेच्या आठवडे पाळली गेली नाही, आणि त्या काळात आपल्या पक्षातून, विशेषतः आपल्याकडून, "आधी स्टोर्टिंगला उत्तर द्या" असा जाहीर सूर मला ऐकू आला नाही. एकोणतीस वर्षांच्या सहकाऱ्याला चुकीच्या सल्ल्यातून बाहेर काढणे हे वडीलधाऱ्यांचे काम असते. आपण तिला सांभाळून घेतले असे आपल्याला वाटत असेल. मला वाटते आपण तिला एकटे सोडले.

आता पोलीस ठाण्यांकडे येते, कारण माझे मत त्यासाठी होते. २०१६ मध्ये आधीच्या सरकारने सत्तावीस पोलीस जिल्ह्यांचे बारा केले आणि त्यानंतरच्या काही वर्षांत शंभराहून अधिक लहान ठाणी बंद झाली. गावातला लेन्समान म्हणजे आमच्याकडचा पोलीस पाटील आणि फौजदार यांच्या मधला माणूस. त्याला कुणाच्या घरात बंदूक आहे, कुणाचा मुलगा दारूत बुडाला आहे, कुठली म्हातारी एकटी आहे हे ठाऊक असायचे. तो दूर गेला की ते ठाऊक असणे गाडी भरून शहरात नेता येत नाही. हुर्डालच्या जाहीरनाम्यात आपण वीस नवी ठाणी देऊ म्हणालात, आणि त्या वीसमधले एक आमच्या जवळपास येईल की नाही याची चर्चा आमच्या सहकार-दुकानाच्या दारात दोन वर्षे चालली.

दोन हिवाळ्यांपूर्वी, उणे बावीस अंशांच्या एका रात्री, मी एका रुग्णाच्या घरी गेले असता तिथे त्यांचा प्यायलेला नातेवाईक आलेला होता. त्याने माझ्या गाडीची किल्ली उचलली आणि दार अडवून उभा राहिला. काही केले नाही, फक्त उभा राहिला आणि बडबडत राहिला, आणि मी औषधाची पिशवी छातीशी धरून न्हाणीघरात कडी लावून बसले. ११२ वर फोन लागला, पलीकडची मुलगी अतिशय शांतपणे बोलली, आणि तिने प्रामाणिकपणे सांगितले की जवळची गस्तीची गाडी दुसऱ्या टोकाला आहे. ती यायला पाऊण तासाहून जास्त लागला. आलेले दोघे पोलीस नम्र होते, दमलेले होते, आणि त्यांच्याविरुद्ध माझी काहीच तक्रार नाही. त्या रात्री एवढ्या मोठ्या मुलखाला ते दोघेच होते असे त्यांनी मला परतताना सांगितले. त्या पाऊण तासात मी न्हाणीघराच्या थंड फरशीवर बसून, खरे सांगते, हुर्डालच्या जाहीरनाम्याचाच विचार केला. हसू येते आता. पण त्या वेळी एवढेच मनात होते की वीसमधले एक ठाणे इथे असते तर.

ठाणी सुरू झाली नाहीत असे मी म्हणत नाही. काही गावांत दारावर नवी पाटी लागली, मंत्री आल्या, छायाचित्रे निघाली. मला विचारायचे आहे ते पाटीच्या आतले : आठवड्यातून किती दिवस, किती तास दार उघडे असते, आत किती माणसे नेमून दिलेली आहेत, ती नवी आहेत की शेजारच्या ठाण्यातून काढून आणलेली, आणि रात्री दोन वाजता त्या ठाण्याचा माझ्यासारखीला काय उपयोग आहे. हा तपशील एका जागी, सामान्य माणसाला समजेल अशा भाषेत, मला कुठेही मिळाला नाही. वचन आपल्या पक्षाचे होते, खाते आपल्या पक्षाकडे होते, तेव्हा हिशेबही आपणच द्यायचा.

न्यायालयांबाबत थोडक्यात. २०२१ च्या वसंतात साठ-एक जिल्हा न्यायालयांची तेवीस झाली तेव्हा आपला पक्ष सर्वांत मोठ्याने ओरडला होता, आणि हा निर्णय फिरवू असे आम्हाला सांगितले गेले होते. सत्तेत आल्यावर तो आवाज हळूहळू कमी होत गेला आणि आमच्यासारख्यांना फरक जाणवला नाही. बहुमत नव्हते, न्यायाधीशांचा विरोध होता, अशी कारणे असतील, ती मान्यही करता येतील, पण ती आम्हाला येऊन कुणी सांगितली नाहीत. राष्ट्रीय सुरक्षा प्राधिकरणाने कार्यालयासाठी नियम मोडून वीस कोटी क्रोनरचे कर्ज घेतल्याचे डिसेंबर २०२३ मध्ये उघड झाले आणि त्याच्या प्रमुखांनी पद सोडले. ते प्राधिकरणही याच मंत्रालयाच्या देखरेखीखालचे. आणि ब्रेडट्वेट येथील महिला तुरुंगाच्या अवस्थेबद्दल संसदेच्या लोकपालांनी २०२३ मध्ये जो इशारा दिला, तो परिचारिका म्हणून मला वाचवेना. आजारी बायकांना कोठडी हे उत्तर नसते. यांपैकी कशाचाही दोष मी एकट्या मंत्र्याच्या माथी मारणार नाही, यातले बरेचसे आधीच्या सरकारांकडून आलेले दुखणे आहे. परंतु वारसा म्हणून मिळालेल्या दुखण्यावर आपण काय उपचार केला हे सांगण्याचे बंधन त्यामुळे सुटत नाही.

जे चांगले झाले ते न लिहिणे अप्रामाणिकपणाचे होईल. रशियाच्या सीमेवरचा १९८ किलोमीटरचा प्रश्न श्रीमती मेल यांनी अंगावर घेतला. मे २०२४ मध्ये रशियन पर्यटकांच्या प्रवेशावर निर्बंध आले, आणि फिनलंडचे उदाहरण पाहून सीमेवर कुंपण घालावे का हा विषय त्यांनी उघडपणे चर्चेत आणला. कुंपणाबद्दल माझे मत ठरलेले नाही. सीमेजवळच्या किर्केनेसच्या बाजूला राहणाऱ्यांनी ते ठरवावे. जून २०२२ मध्ये ओस्लोतल्या गोळीबारानंतर सुरक्षा पोलिसांच्या कामाची बाहेरच्या लोकांकडून तपासणी झाली आणि हल्ला कदाचित टाळता आला असता असा न रुचणारा निष्कर्षही लोकांसमोर आला, ही गोष्ट लहान नाही. बलात्काराच्या गुन्ह्याची व्याख्या हिंसा, धमकी किंवा प्रतिकाराची असमर्थता यांवर टांगलेली न ठेवता संमतीवर आणण्याची भूमिका सरकारने गेल्या डिसेंबरात घेतली. इथल्या आरोग्यसेवेत काम करणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा, तिला पहाटे चार वाजता समोर बसून "मी नाही म्हणाले नव्हते, पण हो पण म्हणाले नव्हते" असे सांगणारी एखादी मुलगी आठवेल. आणि याच जानेवारीत, पद जायच्या तीन आठवडे आधी, देशाच्या सर्वांगीण सज्जतेचा अहवाल आला : १९९८ पासून बंद असलेली सक्ती परत आणून हजार चौरस मीटरहून मोठ्या नव्या इमारतींत आसरागृहे बांधायची, नागरी संरक्षण दल आठ हजारांवरून बारा हजारांवर न्यायचे. आजच्या आसरागृहांत देशातली निम्मी माणसेसुद्धा मावत नाहीत. हे काम वयाने नव्हे, चिकाटीने झाले आहे, आणि त्याचे श्रेय ज्याचे त्याला मिळाले पाहिजे.

पण नेमक्या इथेच, अहवाल टेबलावर आणि संमतीचा कायदा दारात असताना, आपण उठून गेलात. विजेचे बिल मलाही येते. डिसेंबरात दक्षिणेत दर भडकले तेव्हा आमच्या पाळीतली माणसे रात्री दोनला कपडे धुण्याचे यंत्र लावत होती, आणि ब्रुसेल्सला, म्हणजे युरोपीय संघाला, नाही म्हणणे हा आपल्या पक्षाचा पिंड आहे हेही मी मतदान करताना जाणून होते. तरीही सरकार सोडण्याच्या आपल्या भाषणांत आणि मुलाखतींत मी वाट पाहिली की कुणी तरी म्हणेल, पोलिसांचे, न्यायालयांचे, तुरुंगांचे एवढे काम आम्ही अर्धवट सोडत आहोत आणि ते असे पुढे जावे अशी आमची अपेक्षा आहे. माझ्या कानावर तरी एक वाक्य आले नाही. ४ फेब्रुवारीला नव्या न्यायमंत्री सौ. आस्त्री ओस-हान्सेन आल्या, खात्याच्या किल्ल्या हसतमुखाने दिल्या गेल्या, फुलांची देवघेव झाली. आमच्या दवाखान्यात पाळी बदलते तेव्हा फुले नसतात; पण कोणत्या खोलीतल्या रुग्णाला रात्री ताप होता हे सांगितल्याशिवाय कुणी कोट अंगावर चढवत नाही.

म्हणून माझ्या मागण्या अशा आहेत, आणि त्या पुऱ्या करायला सत्तेत असण्याची गरज नाही. हुर्डालमध्ये न्याय आणि पोलीस खात्याबद्दल दिलेल्या प्रत्येक वचनाचे काय झाले याचा हिशेब पक्षाने येत्या अधिवेशनापूर्वी प्रसिद्ध करावा. वीस ठाण्यांपैकी प्रत्येकाचे गाव, उघडे असण्याचे दिवस आणि नेमलेली माणसे त्यात असावीत, आणि जे झाले नाही त्यासमोर "झाले नाही" असेच लिहिलेले असावे. तो हिशेब श्रीमती मेल यांनी स्वतः, हेडमार्कमध्ये, आमच्यासारख्यांच्या समोर उभे राहून मांडावा. त्या आता पुन्हा आमच्या प्रतिनिधी म्हणून स्टोर्टिंगमध्ये बसतात, तेव्हा त्यांना तसे करण्यापासून कुणी अडवलेले नाही, आणि मला खात्री आहे की त्यांना ते जमेल. पुढे कधी पुन्हा सरकारमध्ये गेलात तर आपल्या पक्षाचा मंत्री स्टोर्टिंगच्या प्रश्नाला पहिल्या वेळीच पूर्ण उत्तर देईल, एवढे बंधन पक्षाने आपल्यावर जाहीरपणे घालून घ्यावे.

संमतीचा कायदा आणि सज्जतेचा अहवाल स्टोर्टिंगमध्ये मताला येतील तेव्हा आपले सदस्य केवळ विरोधी बाकावर आहेत म्हणून मागे हटणार नाहीत, असे आश्वासन मला निवडणुकीआधी हवे आहे. आणि शेवटची मागणी तरुण उमेदवारांबाबत आहे. त्यांना जरूर पुढे आणा, चोविसाव्या वर्षी स्टोर्टिंगमध्ये पाठवा, अठ्ठाविसाव्या वर्षी खातीही द्या. माझी मुलगी सतरा वर्षांची आहे, शाळेच्या परिषदेत आहे, आणि या मंत्र्यांकडे पाहूनच तिला राजकारण हे आपल्याही आवाक्यातले वाटले. पण त्यांच्याबरोबर खाते जाणणारी चार अनुभवी माणसे द्या, चुकले तर लगेच सांगण्याची मुभा द्या, आणि त्यांचे वय ना पोस्टरवर लावा ना चौकशीच्या आड धरा.

८ सप्टेंबरला मतदान आहे. माझे मत कुणाला हे मी अजून ठरवलेले नाही, आणि ते ठरवण्याआधी मला आपले उत्तर वाचायचे आहे. उत्तर नॉर्वेजियनमध्ये आले तरी चालेल. त्याचे मराठी मी करीन आणि जिथे हे पत्र छापले जाईल तिथेच, एकही शब्द न गाळता, तेही छापायला देईन.

आपली,
२०२१ साली आपल्याला मत दिलेली एक परिचारिका
हेडमार्क, फेब्रुवारी २०२५